आधी वाचू, मग सही करू



आपण अक्षरे शिकलो. सही करायला शिकलो. शाईने माखलेला अंगठा पुसण्याची वेळ आता आपल्यावर येत नाही. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे.

पण सही म्हणजे नुसते नाव काढणे नव्हे. सही म्हणजे आपला शब्द. "या कागदावर लिहिले आहे ते मला कळले. ते मला मान्य आहे." असा सहीचा अर्थ होतो.

शेताच्या कागदावर सही करताना आपण चार जणांना विचारतो. सातबारा पाहतो. बांधाची खूण पाहतो. मात्र दवाखान्यात कागद पुढे आला, की "कुठं करू सही?" एवढेच विचारतो. बाळंतपणाच्या घाईत तर तेवढेही विचारायचे राहून जाते.

दवाखान्यात पुष्कळ कागद असतात. कोणता ऑपरेशनचा असतो, कोणता भूल देण्याचा. त्यांत कधी कधी एक निराळा कागद असतो. तो संशोधनाचा. या पाठात आपण त्या कागदाविषयी वाचू. संशोधन म्हणजे काय, ते आईच्या आणि बाळाच्या कामी कसे आले, आणि त्याला होकार देताना काय पाहावे, हे समजून घेऊ.

१. बियाण्याची पारख

समजा, बाजारात कपाशीचे नवे बी आले. दुकानदार म्हणतो, "लय भारी बी हाय. दुप्पट माल निघंल." शहाणा शेतकरी काय करतो? तो सगळ्या रानात ते बी लावीत नाही. एका तुकड्यात नवे बी लावतो. शेजारच्या तुकड्यात जुने लावतो. जमीन तीच, खत तेच, पाणी तेच. मग वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगवेगळा मोजतो. मोजल्यावर खरे काय ते कळते.

पण नवे बी काळ्या कसदार रानात लावले आणि जुने मुरमाड रानात लावले, तर? तर ती पारख खोटी. माल जास्त आला तो बियाण्यामुळे, की जमिनीमुळे, हे कसे कळणार?

औषधाची पारखही अशीच असते. आधी औषध प्रयोगशाळेत तपासतात. मग थोड्या माणसांना देऊन पाहतात. धोका नाही असे दिसले, की पुष्कळ माणसांत त्याची पारख करतात. माणसांचे दोन गट करतात. एका गटाला नवे औषध. दुसऱ्या गटाला नेहमीचे औषध. मग दोन्ही गटांत किती जण बरे झाले, किती जणांना त्रास झाला, हे मोजतात.

कोणी कोणत्या गटात जायचे, हे कसे ठरते? धडधाकट बायकांना नवे औषध दिले आणि अशक्त बायकांना जुने दिले, तर पारख पुन्हा खोटी. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरवितात. डॉक्टरांची मर्जी तेथे चालत नाही. ओळखपाळख चालत नाही. अशा पारखीला वैद्यकीय चाचणी म्हणतात.

"म्हंजे आम्ही काय उंदीर हावोत का, आमच्यावर प्रयोग करायला?" असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर पुढे येईलच. त्याआधी, अशा पारखीतून काय हाती आले, ते पाहू या.

२. गडचिरोलीची बाळे

आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. दाट जंगल, लांबलांब गावे. तेथे डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे पतिपत्नी राहावयास गेले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'.

त्यांनी गावोगावचे जन्म-मृत्यू नीट मोजले. १९९३ ते १९९५ या काळात तेथे जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी सुमारे ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. दवाखाना दूर. बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढायचे नाही, अशी रीत. मग बाळ वाचणार कसे?

बंग डॉक्टरांनी विचार केला. बाळ दवाखान्यात येत नाही, तर उपचार बाळाच्या घरी न्यावा. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायका निवडल्या. या बायका फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांना बाळाचे वजन करायला शिकविले. बाळाला ऊब कशी द्यावी, अंगावर लवकर कसे पाजावे, हे शिकविले. जन्मल्यावर रडत नाही त्या बाळाला श्वास कसा द्यावा, हे शिकविले. जंतूंनी आजारी पडलेले बाळ कसे ओळखावे आणि त्याला औषध व इंजेक्शन कसे द्यावे, तेही शिकविले. या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणू लागले.

बाळाचा श्वास मोजण्याची एक साधी युक्तीही बंग डॉक्टरांनी काढली. लहान बाळाचा श्वास एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त झाला, तर ती धोक्याची खूण असते. पण ज्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी आला, की समजायचे, बाळ आजारी आहे. दहापर्यंत मोजता आले तरी पुरे!

आता पारख कशी केली ते पाहा. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच चालू राहिली. दोन्हीकडे बाळांची मोजणी मात्र सारखीच काटेकोर होती. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. शेजारच्या गावांत ते जवळजवळ होते तेवढेच राहिले.

हा हिशेब १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढे २०११ साली भारत सरकारने ही रीत देशभर घेतली. आज बाळंतपणानंतर आशाताई आपल्या घरी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशीही येते. बाळाचे वजन करते, ताप पाहते. आशाताईचा हा फेरा गडचिरोलीच्या पारखीतून आला आहे. मोजणी झाली नसती, तर सरकारला कोण काय दाखविणार होते?

३. बेळगावची गोळी

बाळंतपणात आईच्या जिवाला मोठा धोका असतो तो रक्त जाण्याचा. बाळ जन्मते. वार पडते. मग गर्भाची पिशवी आवळून घट्ट व्हावी लागते. ती सैल राहिली, की रक्त थांबत नाही. चांगली धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते.

यावर ऑक्सिटोसिन नावाचे इंजेक्शन आहे. पण ते थंड जागी ठेवावे लागते. टोचणारे माणूस लागते. खेड्यात दोन्हींची अडचण. मग मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी चालेल का? ती स्वस्त आहे आणि थंड ठेवावी लागत नाही. पण खेड्यात, नर्सबाईच्या हातून, ती खरेच कामाला येईल का? हे कोणालाच ठाऊक नव्हते.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी डॉक्टरांच्या सोबतीने २००२ ते २००५ या काळात याची पारख केली. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांतल्या १६२० बायकांनी तीत भाग घेतला. निम्म्या बायकांना बाळ जन्मल्यावर खरी गोळी दिली. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. त्या खेड्यांत तोवर नर्सबाईने असे औषध देण्याची रीतच नव्हती. म्हणजे कोणाचे चालू औषध काढून घेतले नव्हते. कोणती गोळी कोणाला मिळाली, हे बाळंतिणीला ठाऊक नव्हते. नर्सबाईलाही नव्हते. त्यामुळे मोजताना कोणाचा हात झुकता राहिला नाही.

रक्त किती गेले हेही अंदाजाने सांगितले नाही. बाळंतिणीच्या अंगाखाली प्लास्टिकचे अंथरूण घातले. त्याला खाली पिशवी होती आणि पिशवीवर मापाच्या रेघा होत्या. दुधाच्या मापासारखे रक्त मोजले.

काय दिसले? औषध नसलेल्या गोळीच्या गटात १०० पैकी १२ बायकांचे रक्त जास्त गेले. खऱ्या गोळीच्या गटात १०० पैकी सुमारे ६ बायकांचे. फार मोठा रक्तस्राव पहिल्या गटात हजारी १२ जणींना झाला, दुसऱ्या गटात हजारी २ जणींना. गोळीचा थोडा त्रासही दिसला. काही जणींना थंडी वाजली, ताप आला, पण तो टिकला नाही. गुण लिहिला तसा दोषही लिहिला. खरी पारख अशी असते.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी जरुरीच्या औषधांच्या यादीत घातली. बेळगावच्या खेड्यांतल्या बायकांमुळे दूरदूरच्या देशांतल्या बायकांना आधार मिळाला.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. ही गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये. बाळ पोटात असताना ती घेतली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. ती केव्हा द्यायची, हे डॉक्टरांनी किंवा नर्सबाईनेच ठरवायचे.

४. दात, हिरड्या आणि पोटातले बाळ

"दिवस गेल्यावर दाताला हात लावू नये," असे आपल्याकडे म्हणतात. हिरड्यांतून रक्त येते, दात ठणकतो, तरी बाई नऊ महिने सोसते. हे खरे आहे का?

अमेरिकेत याची पारख झाली. हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर बायका तीत होत्या. निम्म्या बायकांच्या हिरड्यांवर पाचव्या महिन्याच्या आत उपचार केले. निम्म्यांवर बाळंतपणानंतर केले. हिरड्या बऱ्या केल्या, तर दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणे कमी होतील, अशी डॉक्टरांना आशा होती. २००६ साली निकाल आला. तसे झाले नाही. दोन्ही गटांत अवेळी बाळंतपणे जवळजवळ सारखीच झाली. पण दुसरी चांगली गोष्ट कळली. उपचार केलेल्या बायकांच्या हिरड्या सुधारल्या, आणि उपचारामुळे आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही.

पारख कधी "होय" म्हणते, कधी "नाही" म्हणते. दोन्हींतून आपण शहाणे होतो. म्हणून गरोदर बाईने दात दुखत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे. दिवस गेले आहेत, हे मात्र त्यांना आधी सांगावे.

आता मिश्रीचे पाहा. आपल्याकडे पुष्कळ बायका सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचा बाळावर काय परिणाम होतो? याची पारख चिठ्ठ्या टाकून करता येत नाही. "तू मिश्री लाव," असे कोणत्याही गरोदर बाईला सांगणे हा अन्याय होईल. मग काय करावे? जे आपोआप घडते आहे, ते नीट पाहावे आणि लिहून ठेवावे.

मुंबईत तसे केले. घरोघर जाऊन १२१७ गरोदर बायकांची नोंद घेतली. शंभरातल्या सुमारे १७ जणी तंबाखू वापरीत होत्या. त्यांत मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. बाळंतपण होईपर्यंत सगळ्यांची माहिती ठेवली. २००४ साली निकाल छापून आला. इतर फरक हिशेबात धरूनही तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्याही त्यांच्यातच जास्त होत्या. १०५ ग्रॅम थोडे वाटतील. पण आधीच अशक्त असलेल्या बाळाला तेवढेही पुष्कळ असतात.

५. आपल्या घाटीत

गडचिरोली दूर, बेळगाव दूर. पण संशोधन आपल्या जवळही चालते.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, १९५६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला आपण घाटी म्हणतो. पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्यांतून, आणि जालना, बीड, परभणीकडूनही माणसे घाटीत येतात. अवघड बाळंतपण असले, की "घाटीला न्या," असेच सांगतात. शहरात सरकारी दंत महाविद्यालयही आहे.

अशा ठिकाणी डॉक्टर पुढचे शिक्षण घेत असतात. त्या शिक्षणात प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी रुग्णांची माहिती लागते. कधी रक्ताचा नमुना लागतो. कधी दोन उपचारांची तुलना करायची असते. म्हणून उद्या आपल्यालाही कोणी विचारील, "आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?" असे विचारणे वाईट नव्हे. न विचारता करणे वाईट.

अभ्यास सुरू होण्याआधी एक समिती त्याचे कागद तपासते. तिला एथिक्स कमिटी म्हणतात. नव्या औषधाच्या चाचणीसाठी या समितीत निदान सात माणसे हवीत. त्यांत निदान एक बाई, एक कायदा जाणणारा आणि एक साधा नागरिक हवा. निम्मी माणसे त्या संस्थेच्या बाहेरची हवीत. २०१९ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांत हे लिहिले आहे.

६. काय विचारावे?

समजा, फुलंब्री तालुक्यातली एक बाई तपासणीला दवाखान्यात गेली. सातवा महिना. सोबत सासू. एक डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या.

डॉक्टरबाई : ताई, रक्तवाढीच्या दोन गोळ्यांची आम्ही तुलना करीत आहोत. तुम्ही भाग घ्याल का?

सासू : घेती की. आन् कागद इकडं. कर गं सही.

सून : थांबा जरा, आत्याबाई. वाचू द्या मला. डॉक्टरबाई, हा कागद माझ्या उपचाराचा आहे, की तुमच्या अभ्यासाचा?

डॉक्टरबाई : अभ्यासाचा. बरे झाले विचारलेत.

सून : मी नको म्हणाले, तर माझी तपासणी बंद होईल का?

डॉक्टरबाई : मुळीच नाही. नेहमीचा सगळा उपचार मिळेल. आज हो म्हणालात आणि पुढे नको वाटले, तरी केव्हाही बाहेर पडता येईल.

सून : गोळीनं बाळाला काही त्रास?

डॉक्टरबाई : आजवर माहीत असलेले त्रास या पानावर लिहिले आहेत. मी वाचून दाखविते.

सून : आणि त्यानं काही अपाय झालाच, तर?

डॉक्टरबाई : उपचार फुकट. अपाय चाचणीमुळे झाला असे ठरले, तर भरपाईही द्यावी लागते. तसा नियमच आहे.

सासू : आन् ह्ये रक्त तपासायचं पैसं?

डॉक्टरबाई : अभ्यासासाठी जे तपासू, त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत, मावशी. नावही कोठे छापत नाहीत.

सून : हा कागद घरी नेऊ का? घरी बोलून पुढच्या तपासणीला सांगते.

डॉक्टरबाई : जरूर न्या. सही केली, तरी त्याची एक प्रत तुमच्याकडेच राहील.

पाहिलेत? भांडण झाले नाही. कोणाचा अपमान झाला नाही. डॉक्टरबाईंना राग आला नाही. चांगल्या डॉक्टरला प्रश्न आवडतात. जो प्रश्नाने चिडतो आणि "लवकर सही करा" म्हणतो, त्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.

ज्या बाईला वाचता येत नाही, तिने काय करावे? तिच्यासाठीही नियम आहे. सगळे समजावून सांगताना एक तिऱ्हाईत साक्षीदार शेजारी असावा लागतो. तो त्या अभ्यासाच्या लोकांपैकी नसावा. बाईचा अंगठा आणि साक्षीदाराची सही, दोन्ही लागतात. आपण शिकलो आहोत. शेजारणीसाठी असे साक्षीदार होणे, हेही आपल्या शिक्षणाचे चीज आहे.

७. दुसऱ्याने केलेली सही

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतल्या बडोदे भागात मुलींना एक लस देऊन तिचा अभ्यास सुरू झाला. लस गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्ध होती. खम्मममध्ये पुष्कळ मुली वसतिगृहांत राहत होत्या, त्यांत आदिवासी मुली होत्या. त्यांच्या आईबापांना विचारायचे सोडून वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीच सह्या केल्या. मोठी ओरड झाली. २०१० साली सरकारने तो अभ्यास थांबविला. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस खोटी होती, असे नव्हे. ती अनेक देशांत देतात. चूक झाली ती विचारण्यात.

आता "आम्ही काय उंदीर हावोत का?" या प्रश्नाचे उत्तर देऊ. उंदराला कोणी विचारीत नाही. माणसाला विचारावेच लागते. माणूस "हो" म्हणू शकतो, "नाही" म्हणू शकतो. हा फरक राखणे आपल्याच हाती आहे.

सगळ्यांनीच "नाही" म्हटले, तर नवे ज्ञान कोठून येणार? आशाताईचा फेरा आला नसता, बेळगावची गोळी आली नसती. आणि सगळ्यांनी न वाचताच "हो" म्हटले, तर आपली किंमत कोण ठेवणार? म्हणून भिऊ नये, आणि भुलूही नये. समजून घ्यावे. मग होकार असो की नकार, तो आपला असतो.

लक्षात ठेवू

१. उपचाराचा कागद वेगळा, संशोधनाचा कागद वेगळा. कोणता ते आधी विचारावे.

२. मोठ्या बाईचा होकार तिचाच. नवऱ्याचा किंवा सासूचा सल्ला घ्यावा, पण सही तिची. तान्ह्या बाळासाठी आईबापांनी होकार द्यावा.

३. नकार दिला, तरी नेहमीचा उपचार बंद होत नाही.

४. होकार दिल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते.

५. कागदाची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

६. कळा सुरू झाल्यावर वाचायला वेळ नसतो. म्हणून गरोदरपणाच्या तपासणीतच सगळे विचारून घ्यावे.

प्रश्न

१. शेतकरी नवे बी सगळ्या रानात का लावीत नाही?

२. गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायका बाळासाठी काय काय करीत?

३. मिश्रीची पारख चिठ्ठ्या टाकून का करता येत नाही?

४. संशोधनाच्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल? ते आपल्या वहीत लिहा. घरातल्या एका बाईला वाचून दाखवा.